सशाचे डोळे

हत्तीताई कुठल्याच प्राण्याला स्वतः डोळे काढत नसत. हत्ती, ससा, मासा, वाघ, बदक, सगळं कागदातून सुबक कापून, कणकेच्या खळीने चिकटवून पोराच्या हातात द्यायच्या. डोळ्यांची जागा मात्र कोरी. मग पेन्सिल पुढे करून म्हणायच्या, "डोळं ज्याचं त्यानं काढायचं. दुसऱ्यानं काढलं की ते दुसऱ्याकडंच बघत ऱ्हातं." त्यामुळे शेवगावकडच्या त्या अंगणवाडीत कपाळावर डोळे असलेले हत्ती होते आणि एका वाघाचे दोन्ही डोळे शेपटीवर होते. कुणी हसलं तर ताई त्याला दटावायच्या. "त्याला मागचं बघायचं आसंल," म्हणायच्या.

अंगाने त्या काडीपैलवान. तरी गावाने त्यांना हत्तीताई करून टाकलं होतं, कारण त्यांची अक्षरं 'अ'पासून नव्हे, 'ह'पासून सुरू व्हायची. मी शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीची शिक्षिका. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत आणि तिला वर एक झरोका. क्रम मोडलेला मला खपत नाही, म्हणून एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "मॅडम, तक्त्यात अ अननसाचा. हितं अननस कुनी बघितलाय?" मी म्हटलं, हत्ती तरी कुणाच्या गोठ्यात बांधलाय? ताई शांतपणे म्हणाल्या, "पर त्यो घडी घातली की उभा ऱ्हातो." असल्या बाईशी वाद घालून उपयोग नसतो. मी चहा मागितला.

लग्नसराई संपली की त्या घरोघर फिरून जुन्या लग्नपत्रिका गोळा करायच्या. जाड कागद, आणि घडी आधीच घातलेली. खालून कमानीसारखा काप दिला की चार पाय सुटतात. त्यामुळे त्यांच्या प्राण्यांच्या अंगावर कुठे मुहूर्त, कुठे मंगल कार्यालयाचा पत्ता असायचा, आणि एक मांजर 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं पाठीवर मिरवत बरीच वर्षं खिडकीत बसलं होतं. प्राण्याच्या पोटावर ताई ठसठशीत अक्षर लिहायच्या. "पोटावर बोट फिरव, म्हंजी त्ये आपलं नाव सांगंल." ही मुलं पुढे माझ्याकडे पहिलीत आली आणि एखादं अक्षर अडलं की स्वतःच्याच पोटावर बोट फिरवत बसायची. साहेब तपासणीला आले असताना अख्खा वर्ग पोट चोळतोय, हे मी पाहिलेलं आहे.

दिवाळी झाली की गावात मुकादमाचे ट्रॅक्टर लागायचे. अर्धं गाव ऊसतोडीला निघायचं, त्यांच्याबरोबर पोरंही. तेव्हा ताईंची एक रीत होती. ज्या पोराचा जो प्राणी तेव्हा चालू असेल तो त्या डोळे काढू न देताच ठेवून घ्यायच्या आणि खोलीत बांधलेल्या तारेवर चिमट्याने अडकवायच्या. "काम ऱ्हायलं की मानूस माघारी येतं," असा त्यांचा विश्वास. आणि पोरं यायचीही. गुढीपाडव्याच्या सुमारास उन्हाने काळवंडून परत आली की घरी जायच्या आधी त्या तारेखाली येऊन उभी राहायची. तोवर हिवाळाभर झरोक्यातून मला तो आवाज यायचा, वाऱ्यावर कागद हलल्याचा. रिकाम्या झालेल्या वर्गात तो कुणीतरी कुजबुजत असल्यासारखा वाटे. मला तो कधीच आवडला नाही.

सोनी चार वर्षांची होती. तिचा 'स' चालू होता, म्हणजे ससा. गुलाबी पत्रिकेचा, एक कान दुमडलेला. निघायच्या सकाळी ती भरलेल्या ट्रॉलीतून उतरून धावत अंगणवाडीत आली आणि म्हणाली, ससा दे. ताई म्हणाल्या, "माघारी आलीस की डोळं काढ, मग ने." सोनीने भोकाड पसरलं. मी वर्गात फळा पुसत ऐकत होते. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. शेवटी तिची आई, मंगल, आत आली, पोरीला कडेवर उचललं आणि "रडू नगं, ससा कुटं जातोय," असं म्हणत घेऊन गेली.

पाडवा झाल्यावर मंगल एकटीच आली. दारातच उभी राहिली. मी खिचडीचं पातेलं बघायला तिथे आले होते, म्हणून मला सगळं ऐकावं लागलं. "पाचटाच्या कोपीत ताप आला तिला, ताई," ती म्हणाली. "दवाखान्यात नेईस्तवर ऱ्हायली न्हाई. तापातबी ससा मागत हुती. माझा ससा तारंवर हाय म्हनायची." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

ताईंनी तारेवरचा ससा काढून तिच्यापुढे धरला. मंगलने तो घेतला नाही. "डोळं न्हाईत त्याला," ती म्हणाली, "आसा कसा नेऊ?" ताईंनी पेन्सिल उचलली. टोक सशाच्या डोक्यापाशी नेलं आणि तिथेच थांबल्या.  मंगलने पदराने तोंड पुसलं आणि ती निघून गेली. ताईंनी ससा परत तारेवर लावला.

पुढच्या दिवाळीला ताई ट्रॉल्यांमधून धावत होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत प्राणी, हातात पेन्सिल. भांड्यांच्या बोचक्यांवर बसलेल्या एकेका पोराला गाठून, "काढ डोळं, आत्ता काढ, आन संगं ने," असं म्हणत होत्या. चालत्या ट्रॉलीत काढलेले ते डोळे म्हणजे नुसते ओरखडे. तारेवर तेव्हापासून एकटा ससा राहिला. एक कागद असा कितीसा वाजणार? पण मला झरोक्यातून तोच आवाज यायचा, पूर्वीइतकाच. मी पोरांना सांगते की भूत-बित काही नसतं, आणि ते खरंच आहे. तरी मी झरोक्याला पुठ्ठा लावला. ताई गाणं म्हणता म्हणता मध्येच थांबून दाराकडे बघायच्या. पोरंही बघायची. मग सगळे मिळून पुढचं कडवं म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर त्या सुप्याला मुलाकडे गेल्या, तो तिथल्या एमआयडीसीत कामाला आहे. माझी बदली नगरला झाली. जाता-येता भेटायचे. गॅलरीत बसलेल्या असायच्या, मांडीवर ससा. खालच्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की ती दिसेनाशी होईपर्यंत वाकून बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "रोज पेन्सिल लावते, मॅडम. जमत न्हाई. त्ये माझ्याकडंच बघत बसंल." आणि मग, "सोनीच्या आईला द्यायचा ऱ्हायला."  मी त्यांचा हात धरून बसले. तो हात कागदासारखाच हलका झाला होता.

यंदाच्या थंडीत त्या गेल्या. दहाव्याला मुलाने ससा माझ्या हातात ठेवला. आई तुमचंच नाव घेत होती, म्हणाला. मी तो घरी आणून शोकेसमध्ये ठेवला. डोळे नसलेलं काहीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटणं चमत्कारिक असतं. तिसऱ्या दिवशी मी शेवगावची एसटी धरली.

सोनी गेल्यापासून ऊसतोडीला जाणं सोडलेली मंगल ओसरीवर जावेच्या बाळाला न्हाऊ घालून, काजळ लावून नुकतीच टेकली होती. मी काही बोलायच्या आधीच तिने ससा ओळखला. हातात घेतला आणि त्याच्या पोटावरून बोट फिरवलं, 'स'च्या वळणावरून, कुठेही न चुकता. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई ती. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "सोनीनंच शिकविलं. कोपीम्होरच्या धुळीत काढून दावायची."

मग तिने काजळाची डबी ओढली. ताईंचं ते बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते तर सगळ्या गावालाच पाठ होतं.

"म्या काढलं तर माझ्याकडंच बघंल न्हवं?" तिने विचारलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली. तिने करंगळीने दोन डोळे काढले, एक जरा मोठा झाला. बोटाला उरलेलं काजळ तिने सशाच्या कानामागे टेकवलं, पाळण्यातल्या बाळाला लावली होती तशीच तीट.