सासऱ्यांच्या अंगणातला श्री

माझ्या सासऱ्यांच्या घरात आठवडाभर समोरच्या फाटकातून कोणी आत गेलं नाही आणि कोणी बाहेरही आलं नाही. फाटक शाबूत होतं, त्याला कुलूप नव्हतं, आत कुत्रंही बांधलेलं नव्हतं. फक्त जावई सफाईच्या धंद्यात पडला होता.

झालं असं, की राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली आणि गावातल्या प्रत्येकाला वाटायला लागलं की आता आपलंही काहीतरी व्हायला पाहिजे. मलाही वाटलं. (बारा महिने दमलेल्या माणसाला असं काही वाटणं फार धोक्याचं!) मी कारकुनी सोडायचं ठरवलं आणि बायकोला, म्हणजे सुनंदाला, चहाच्या वेळी सांगितलं.

"नव्या नव्या बिल्डिंगा उभ्या होऊन राहिल्या. आज ना उद्या मळतीलच ना? मळल्या की धुवाले माणूस लागन."

"आन् तो माणूस तुम्ही?"

"काहून नाही?"

"घरची मोरी धुतली काय कधी?"

हा मुद्दा मी धंद्याच्या दृष्टीनं गौण मानला आणि जोरात पाणी मारणारं मशीन घेऊन आलो. मशीन दिसायला लहान, आवाजाला मालगाडी. आता फक्त काम मिळायचं राहिलं होतं. शंकर नगरातल्या एका नव्या ऑफिस-इमारतीचे मॅनेजर तिवारीजी यांना मी इतक्या वेळा भेटलो, की शेवटी तेच कंटाळले. "देखिए, साल भर का काम है, पार्किंग भी, सीढ़ियाँ भी. पहले कहीं सैंपल करके दिखाइए. शनिवार को आता हूँ."

हे काम मिळालं तर मी कंत्राटदार. नाही मिळालं तर परत ती जुनी खुर्ची! माझ्या निरोपाच्या चहाला साहेब हसत हसत म्हणाले होते, "तुमची जागा इतक्यात भरत नाही बरं का." त्या हसण्यानं मला त्या दिवशी समोसा गेला नाही. काय वाटेल ते करीन, पण त्या खुर्चीवर परत बसणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. काय वाटेल ते म्हणजे नेमकं काय, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सॅम्पलसाठी सिमेंट पाहिजे, तेही मळकं. आम्ही राहायचो बूढ़ापाऱ्यात, भाड्यानं, वरच्या मजल्यावर. आमच्या वाट्याला सिमेंट म्हणजे मोरीत पाट ठेवण्यापुरती जागा. सासऱ्यांचं घर मात्र चौबे कॉलोनीत, स्वतःचं. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी फाटकापासून पडवीपर्यंत सिमेंटचं अंगण घातलं होतं, आणि आता त्यावर जगातला एकूण एक डाग हजर होता. पावसाळ्याचं शेवाळ, कारखान्यांची काळी धूळ, गाडीचं तेल, बोअरच्या पाण्याचे तांबडे ओघळ. अंगण पाहून माझे डोळे भरून आले. असं घाण अंगण नशिबानंच मिळतं!

सासरे भाजी आणायला गेलेले पाहून मी मशीन जोडलं. (त्यांना परतल्यावर चकित करायचं होतं. ते झालेच.) मशीनच्या नळीला लावायला चार रंगांच्या टोप्या होत्या, म्हणजे नोझल. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून मी त्यातली चित्रं पाहिली होती. मी पांढरी टोपी उचलली, तेवढ्यात सासूबाई हळदीकुंकू घेऊन पडवीत आल्या.

"अगं माय! शुभ कामाले पांढरं काहून लावता, जावईबापू? लाल लावा, लाल."

सासूबाईंना कुंकवाचा रंग पटला, मला सासूबाईंचा शब्द मोडवेना. लाल टोपी बसली. लाल टोपीतून पाणी सुईसारखं बारीक येतं आणि सिमेंटसुद्धा खरवडतं, हे त्या पुस्तकात लिहिलं होतं म्हणे. चित्र नव्हतं.

"आता आधी श्री काढा," सासूबाई म्हणाल्या. "कोणतंबी काम सुरू कराच्या आधी श्री काढा लागते."

मला वाटलं, काढू! काय अवघड आहे? नाहीतरी पुढे सगळं धुवायचंच आहे. मी बटण दाबलं आणि फाटकाच्या आतल्या बाजूनं सुरुवात केली. आणि काय सांगू! काळ्याकुट्ट अंगणावर पांढरंशुभ्र अक्षर उमटायला लागलं. आयुष्यात माझ्या अक्षराला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, इथे सासूबाईंनी हात जोडले, सुनंदानं "वा!" म्हटलं, शेजारच्या साहू दीदी भिंतीवरून डोकावून "हव भैया, बढ़िया!" म्हणाल्या. मला स्फुरण चढलं. श्री मोठा झाला, आणखी मोठा झाला. त्याचं एक टोक डाव्या खांबाला टेकलं आणि वेलांटी वळसा घेऊन उजव्या भिंतीपर्यंत गेली.

मग मी समाधानानं मशीन उचललं आणि पुढे पाऊल टाकलं.

"अहोऽऽ! पाय कुठी ठेवून राहिले!" सासूबाई ओरडल्या.

मी एका पायावर थांबलो. श्री फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला. लांबीही अशी, की उडी मारली तर वेलांटीतच पडावं. आणि तेवढ्यात फाटकाबाहेर सासरे आले, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या.

"फाटक उघडा."

"उघडून काय कराल? आत येता येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"काहून?"

"श्री आहे."

"अवो, हे घर माझं आहे!"

"घर तुमचं आहे. श्री तं देवाचा आहे ना बापा!"

सासऱ्यांनी श्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ दुधी भोपळ्याकडे पाहिलं. शेवटी ते साहू दीदींच्या घरातून, त्यांच्या स्टुलावर चढून, भिंतीवरून आत आले. गुडघ्याचं दुखणं असलेला माणूस! मी हात द्यायला धावलो तर म्हणाले, "तुम्ही राहू द्या. तुम्ही खूप केलं."

मी पांढरी टोपी लावून श्री पुसायला निघालो, तर तो आणखीच उजळला. बोट फिरवून पाहिलं. अक्षर कोरलं गेलं होतं! बरं, उरलेलं अंगण धुवावं तर त्याचं घाण पाणी उतारानं श्रीवरूनच जाणार. ते सासूबाईंना चालेना. सासऱ्यांनी सुचवलं, "सिमेंट भरून टाकू." त्यावर सासूबाई रात्रीचं जेवण न करताच उठल्या, ते पाहून सासऱ्यांनी सिमेंटचा विषय परत काढला नाही. करायला गेलो गणपती, झाला मारुती, हे मी नुसतं ऐकून होतो. मी तर देव करायलाही गेलो नव्हतो.

सगळ्या राजधानीत एकच शब्द धुतलेला होता, आणि तो सासऱ्यांच्या फाटकात. त्यांची गाडी आत अडकली. दूधवाला भिंतीवरून दूध द्यायला लागला. सासरे रोज सकाळी स्टुलावरून उतरून फिरायला जायचे आणि परत चढून यायचे, कॉलोनीतले लोक विचारायचे, "अंकल, चाबी गुम गई क्या?"

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं! साहू दीदींनी पहिल्या दिवशी जास्वंदाचं फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी कोणी हळद टाकली, कोणी कुंकू. मग दिवा आला. दिव्याचं तेल सांडलं. कोणाच्या तरी पोट्ट्याची परीक्षा होती, त्यानं नारळ फोडला. उदबत्तीची राख, नारळाचं पाणी, तुपाचे ओघळ. शुक्रवारपर्यंत अंगणात होते नव्हते ते सगळे डाग, अधिक माझ्या श्रीनं आणवलेले नवे डाग! साफ करण्याआधी अंगण इतकं घाण कधीच नव्हतं. मी पडवीत बसून नुसता पाहत राहिलो. उठून काही करावं असं वाटेना. अंगातलं सगळं बळ मशीनबरोबर बंद पडलं होतं.

"तिवारीजीले येऊ नका म्हणून सांगा ना," सुनंदा हळूच म्हणाली.

"सांगतो." पण मला फोन उचलवेना. फोन उचलला असता तर पुढचा फोन जुन्या साहेबांनाच करावा लागला असता.

शनिवारी तिवारीजी आले. फाटकाशी त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि तिथेच उभे राहिले.

"ये... सैंपल है?"

"जी," मी म्हणालो. खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि ती नव्हती. "सफाई यहीं से शुरू की थी. यहीं रुक गई. इसके ऊपर कोई पैर नहीं रखता. हम लोग हफ्ते भर से दीवार कूद रहे हैं."

"कोई भी नहीं रखता?"

"ससुरजी भी नहीं."

तिवारीजींनी मान तिरकी केली. "और थूकता भी नहीं?"

सासूबाई कडाडल्या, "थूकेगा? हात तोडून हातात देईन ना!"

तिवारीजींचा चेहरा असा उजळला, की माझं मशीन फिरवूनही तसा उजळला नसता. "भाई साहब, हमारी सीढ़ियों का हर कोना लाल है. धुलवाओ, शाम तक फिर लाल! आप धोइए मत. बस हर कोने में यही लिख दीजिए. पक्का."

अशा रीतीनं मी, सफाई कंत्राटदार, पहिल्या कामाला गेलो ते काहीही साफ न करण्यासाठी. (सासऱ्यांनी इकडे गवंडी बोलावून फाटक दुसऱ्या बाजूच्या, गल्लीकडच्या भिंतीत हलवलं. गाडी सुटली. माझ्याशी मात्र ते आजही भाजीपुरतंच बोलतात.) तिवारीजींच्या जिन्यात मी वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. लाल टोपी, लाल कोपरे, त्यात पांढराशुभ्र श्री. संध्याकाळपर्यंत एकही कोपरा सोडला नाही. तळमजल्याचा शेवटचा श्री काढून मशीन बंद केलं, कंबर सरळ केली, आणि सवयीनं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायला कोपरा शोधायला लागलो.

डावीकडे श्री. उजवीकडे श्री. वर गेलो, तिथेही श्री! खाली आलो तर दारात तिवारीजी हसत उभे. "तो? असर होगा ना इसका?"

तोंड उघडायची सोय नव्हती. मी नुसती मान हलवली आणि सगळा खर्रा गिळला. माझ्या कामाचा गुण आलेला पहिला माणूस मीच निघालो!