न ओरडता केलेला मोर

मी मास्तर होतो तेव्हा माझा आवाज तीन वर्गांपलीकडे जायचा. निवृत्त झालो, वर्ग गेले, आवाज राहिला. नातीच्या बारशाला सुरतला गेलो आणि पाळण्याची दोरी उलटी बांधली म्हणून भर पाहुण्यांत गरजलो, "अक्कल शे का तुम्हले?" कोणाला? जावयाला! बायकोने कपाळावर हात मारला.

पुढे लेकीने कुरिअरने डबा पाठवला. आत रंगीत कागदाच्या पट्ट्या, फट असलेली सुई आणि गोंद. फोनवर म्हणाली, "पप्पा, क्विलिंगना, म्हंजे कागदना गुंडाळ्यास्ना, एक मोर पुरा करा. कोनावर वरडानं नही. मंगच नातले भेटाले या. आई शे ध्यान ठेवाले."

नात तिकडे रांगायला लागली होती. मुकाट्याने बसलो.

पट्टीचं टोक फटीत अडकवायचं आणि सुई फिरवायची, एवढंच काम. पण माझी गुंडाळी इतकी आवळलेली की सुईवरून उतरेना, ओढली की मधला भाग बाहेर. गोंद तर मी भिंतीवर पोस्टर लावतात तसा थापायचो. गुंडाळी टेबलाला चिकटली, टेबल माझ्या कोपराला. दातओठ खाल्ले, तोंड उघडलं नाही.

मेथी निवडता निवडता बायको म्हणाली, "इतलं घट्ट काब्र धरी ऱ्हायनात? सोडा ना त्याले जरासं."

सोडलं. गुंडाळी आपली आपण पसरली आणि थांबली. मग काडीच्या टोकाने गोंदाचा ठिपका, एका बाजूला चिमटा, की झालं थेंबासारखं पीस! नवशिक्यांनी हे लक्षात ठेवावं, मला फार उशिरा कळलं.

पिसारा मांडून झाला, चिकटवायचा बाकी होता. आमचं घर नंदुरबारला, मागे मिरच्या वाळत घालायच्या पथाऱ्या. त्यात बायकोने ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या. अशी शिंक आली की अर्धा पिसारा खाटेखाली. ओरडायला तोंड उघडलं तर दुसरी शिंक, मग तिसरी. शिंका संपल्या तेव्हा राग कुठे गेला होता कोण जाणे. पोटावर झोपून पिसं वेचली.

रात्री लेकीने फोनवर आईची साक्ष घेतली. बायको म्हणाली, "नही माय, वरडनात नहीत. त्यास्ले नुसत्या शिंका उन्यात."

सुरतला मोर नातीपुढे धरला. तिने शेपूट मुठीत धरून ओढलं. फर्रकन आवाज झाला. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी म्हणालो, "ओढ बेटा, आखो जोरमा ओढ."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेक गरजली, "अय! सोड ते! अक्कल शे का तुले?"

हुबेहूब माझाच आवाज. नात भोकाड पसरून रडायला लागली. जावई छताकडे बघू लागले.

मी नातीला खांद्यावर घेतलं, पिशवीतून तोच डबा काढला आणि लेकीच्या हातात दिला. सुई आतच होती.