राई गावची बेरीज

तालुक्याचा भूगोल, लोकसंख्या आणि इतिहास सांगणारे पुस्तक काढायचे कचेरीत ठरले आणि ते लिहायला ठाण्याच्या शाळेतला गणिताचा मास्तर, म्हणजे मी, सापडलो. मला भूगोल येत नाही असे मी सांगून पाहिले. "म्हणूनच जाऊन बघा," असे उत्तर आले. लढाईमुळे कागदाची चणचण होती, तरी या कामासाठी मला दोन दस्ते कागद आणि एक सरकारी छत्री मिळाली. छत्री उघडत नव्हती. आधीच्या आठवड्यात खाडीकाठची चार गावे उरकली होती. हाच थाट घेऊन मी माघी पौर्णिमेच्या सकाळी भाईंदर स्टेशनावर उतरलो.

भाईंदरचा भूगोल सोपा आहे. उत्तरेला खाडी, इकडे मिठागर, तिकडे मिठागर, आणि मधे जी काही कोरडी जमीन उरेल तिच्यावर माणसे. राईच्या वाटेवर एका बांधावर म्हातारा राखणदार विडी ओढत बसला होता. इतिहास इथेच उरकून टाकावा म्हणून मी त्याच्याजवळ टेकलो.

"पयले फिरंगी आला," तो बोटे मोजत म्हणाला. "मंग मराठा आला, मंग विंग्रज आला. सगल्यांनी मीठ नेलं."

"आणि इथल्या लोकांचं काय झालं?"

"ते मीठ काढीत व्हते."

एवढा आटोपशीर इतिहास आमच्या शाळेतल्या एकाही पुस्तकात नाही. मी तो तसाच उतरवून घेतला आणि उठताना बांधावरून घसरलो. डाव्या पायातली वहाण चिखलाने ठेवून घेतली. उरलेल्या एका वहाणेवर राईत पोचलो, तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा भुंकायच्या ऐवजी बघत राहिली.

गावात पुरुष औषधालाही नव्हता. मी पौर्णिमा निवडली ती पंचांगात दिवस चांगला दिसला म्हणून. खाडीकाठची माणसे पंचांग बघतात ते निराळ्या कामासाठी. पौर्णिमेला उधाणाची भरती, पाण्याला ओढ जबर. कोळी डोल (प्रवाहात लावायचे मोठे जाळे) घेऊन बाहेर, आणि आगरी मिठागरात पाणी घ्यायला बाहेर. माणसे मोजायची तर अष्टमीला, पाणी सुस्त आणि होड्या काठाला असताना यावे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

कचेरीचा नियम असा की प्रत्येक घरातली माणसे मोजायची आणि घरधन्याचे पुरे नाव लिहायचे. विहिरीजवळ बायका जमल्या. पहिलीला मी नाव विचारले. ती विहिरीत पाहू लागली. नवऱ्याचे नाव घेत नाहीत एवढे मलाही कळत होते, म्हणून शेजारणीकडे वळलो.

"तुम्ही सांगा हिच्या मालकांचं नाव."

"अगं बाय! तो माजा थोरला दीर. त्याचं नाव कसं घेऊ?"

तिसरीचा तो मामेसासरा निघाला. सगळ्या गावात लग्नाने जोडलेली नाती. एकीचा नवरा तो दुसरीचा दीर आणि तिसरीचा सासरा. मग मी म्हाताऱ्यांना गाठले, आई तरी मुलाचे नाव घेईल म्हणून. पण थोरल्या मुलाला आजोबांचे नाव, म्हणजे म्हातारीच्या सासऱ्याचे! तीही तोंड मिटून बसली. पोरांना विचारले तर सगळ्यांच्या बापाचे नाव 'बा'. दुपारपर्यंत माझ्या कागदांवर राई हे बिनपुरुषांचे गाव झाले होते.

बायकांना माझी दया आली असावी. त्यांनी तांदळाची भाकरी आणि निवट्यांचे (चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचे) कालवण वाढले. आमच्या घरात मासा चित्रातसुद्धा चालत नाही. मी दोनदा मागून घेतले आणि भूगोलाच्या नावावर खपवले.

हात धूत होतो तेव्हा कडेला जाळे विणत बसलेली चाळिशीची एक बाई उठली. सकाळपासून तिला कुणी बोलावले नव्हते आणि तीही बोलली नव्हती.

"मी सांगते. मी या गावची लेक हाय. मना कोनाचंबी नाव चालतं."

तिचे नाव चांगुणा. माहेरच्या गावात तिला ना दीर ना सासरा. सगळे भाऊ, काका, भाचे. ती पुढे आणि मी एका वहाणेवर मागे, असे आम्ही पाड्यापाड्यातून फिरलो. कोण कुठल्या होडीवर, कोण कुठल्या मिठागरात, कोणाच्या घरात किती, सगळे तिला तोंडपाठ. बायका तोंडावर हात धरून ऐकत आणि चूक झाली तर नुसती मान हलवत. उन्हे उतरली तेव्हा गावात सगळे पुरुष परत आले होते, निदान कागदावर.

"आता मना लिवा," चांगुणा म्हणाली.

तिची भावजय चटकन पुढे आली. "हिला आमच्यात धरू नका, मास्तर. हिचं घर सासरी. उद्या वाटा मागंल."

मूल झाले नाही म्हणून सासरच्यांनी चांगुणाला धाडून दिले होते. ती भावाच्या घरामागे, जाळी ठेवायच्या खोपटात राहत होती. तिने भावजयीकडे पाहिलेही नाही.

"मागल्या हप्त्यात तुमी आमच्या सासरच्या गावात गेलता ना? तिकडं मी हाय का, बघा."

मी बाड सोडले. नाव न घेता तिने 'गावाच्या टोकाचं शेवटचं घर' एवढी खूण दिली आणि ते सापडले. नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव, दोन मुलगे. बायकोचे नाव दुसरेच होते. ते माझ्याच अक्षरात होते, याची मला भारी लाज वाटली.

"नाही," मी म्हणालो.

तिने बाडातल्या कोऱ्या कागदावर बोट टेकवले. मग म्हणाली, "बरं. मंग हितंच लिवा. एकदाच लिवा, पन लिवा."

मी खोपटाला वेगळे घर धरले आणि घरधनी म्हणून तिचे नाव लिहिले. भावजय बडबडत राहिली. मी एकूण आकडा एकाने वाढवला आणि संध्याकाळची गाडी गाठली.

घरी परतल्यावर वहाणेचा हिशेब बायकोला देणे सोपे गेले. कचेरीतल्या बड्या कारकुनाला चांगुणाचा देणे जमले नाही. "बाईमाणूस, नवरा जिवंत, आणि स्वतःचं घर?" असे म्हणून त्याने तांबड्या शाईने ते घर उडवले. मी भांडलो, तो चहा प्यायला. राहून राहून वाटते, इतक्या गावांत मी छपरे मोजत हिंडलो, आणि छपराबाहेरची माणसे तशीच राहून गेली.

पुस्तक छापायला गेले तेव्हा मुद्रिते तपासायला माझ्याकडेच आली. राईच्या पानावर पाड्यांचे आकडे आहेत आणि खाली एकूण. चांगुणाच्या पाड्याच्या आकड्यातून कारकुनाने एक माणूस वजा केले होते. एकूण आकडा बदलायला तो विसरला. मी विसरलो नव्हतो. मी तो आकडा तसाच जाऊ दिला. पाड्यांची बेरीज करून पाहा, खालचा आकडा एकाने जास्त आहे. गणिताच्या मास्तराच्या पुस्तकात बेरीज चुकली म्हणून कुणी हसलेच, तर मी सांगीन, तो एक म्हणजे राईची चांगुणा.