रेणुकासाठी जमवलेले सुटे भाग

रेणुकाला बसून करायचं काम हवं होतं, आणि ते तिला मिळालंही होतं. फक्त घरात कॉम्प्युटर नव्हता.

रेणुका म्हणजे रायभानची एकुलती एक मुलगी, वय सव्वीस. तीन वर्षांपूर्वी अंबड रोडवर टेम्पोने उडवलं, तेव्हापासून डाव्या पायात रॉड आहे. अर्धा तास उभी राहिली की पाय थरथरायला लागतो. म्हणून तिने लोखंडी शेडचे नकाशे काढायचं शिकून घेतलं. पुण्याच्या एका कंपनीने फोनवर परीक्षा घेतली, पास केलं, आणि कळवलं की एक सप्टेंबरपासून घरूनच काम करा, मशीन मात्र तुमचं.

तयार कॉम्प्युटर चाळीस हजारांत मिळत होता, पण मोठा नकाशा उघडला की धापा टाकायचा. रेणुकाने हिशेब मांडला. सुटे भाग निवडून घेतले तर तेवढ्यातच दमदार मशीन होतं. ग्राफिक कार्ड आत्ता नको, त्याचं काम भागवणारा प्रोसेसर घ्यायचा. रॅमची एकच पट्टी, पण सोळा जीबीची. दुसरीला जागा मोकळी ठेवायची. मॉनिटर जुना चालेल. बाहेरचा डबा साधा. ही यादी खिशात घालून रायभान दोन महिने नवीन जालन्यातली दुकानं पालथी घालत होता. एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेला माणूस. वस्तू हातात घेतल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे.

प्रितमच्या दुकानात त्याने दोन पॉवर सप्लाय दोन हातांत घेतले आणि डोळे मिटले.

"काका, वजनावर घेऊन राह्यले का?" प्रितम हसला. "भंगार न्हाई ते."

"भंगारातच कळतं. आत तांबं किती, ते हात सांगतो. हलकं डबडं टिकत न्हाई."

प्रितमने हलका डबा मुकाट्याने फळीवर परत ठेवला. "बराबर बोलले, काका. जडच घ्या. याच्यात कंजुसी करू नका."

घरी आल्यावर रायभानने हे दोनदा सांगितलं. आशाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मला पाहायला आल्ते तव्हा इतकं पारखलं न्हाई तुमी."

"तुला पारखायची काय गरज होती?"

"मंग आता बोलू नका काही."

रेणुका हसून हसून बेजार झाली. त्या दिवसांत ती बरीच हसायची.

ऑगस्टच्या मध्याला मदरबोर्ड आला. प्रोसेसर पेन्शन झाल्यावर घ्यायचा होता. त्या आठवड्यात रेणुका संभाजीनगरला क्लासच्या शेवटच्या परीक्षेला गेलेली, आणि इकडे पावसाची झड लागलेली. बोर्ड ठेवलेल्या कोठीखोलीच्या भिंतीला ओल आली. रायभानला राहवेना.

मिलमध्ये शेवटची बारा वर्षं तो देखभालीला होता. नवीन बेअरिंग आलं की पुसायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा, कागदात गुंडाळून ठेवायचं. कोरडं ठेवलेलं पावसाळ्यात गंजतं. हा नियम त्याने एकदाही मोडला नव्हता, आणि त्याच्या हातचं बेअरिंग एकदाही गंजलं नव्हतं.

त्याने खोका उघडला. बोर्डाच्या मधोमध, प्रोसेसर बसायच्या जागेवर, काळं झाकण होतं. ते काढलं तर खाली केसाएवढी बारीक सोनेरी टोकं, शेकडो. त्याने धुतलेल्या धोतराचा मऊ तुकडा घेतला, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब टाकलं आणि हात हलका ठेवून पुसलं. कापड एकदा किंचित अडकलं. त्याने जपून सोडवलं. झाकण लावलं, खोका बंद केला. कोणाला सांगितलं नाही. नीट केलेलं काम सांगायचं नसतं.

तीस तारखेला, शनिवारी, प्रोसेसर आल्यावर पलंगावर स्वच्छ चादर अंथरून रेणुका भाग जोडायला बसली. तिने काळं झाकण काढलं आणि तिचा हात तसाच राहिला. मोबाइलची बॅटरी लावून तिने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबा, याला कोणी हात लावल्ता का?"

"तेलाचा हात दिला मी," रायभान म्हणाला. "झड लागलेली. गंज पकडला असता."

तिने बॅटरीच्या उजेडात त्याला वाकलेली टोकं दाखवली. तेव्हा त्याला कळलं.

प्रितमने भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. "काका, पिना आडव्या झाल्यात. कंपनी बदलून न्हाई देणार." तरी त्याने सुईने तासभर सरळ करून पाहिल्या. तीन तुटल्या. या प्रोसेसरला लागणारा दुसरा बोर्ड जालन्यात कुठंच नव्हता. मागवला तर सहा दिवस.

"माझ्याच हातून पडला," रेणुका प्रितमला म्हणाली.

"न्हाई," रायभान म्हणाला. "मी पुसला. तिचा काही संबंध न्हाई."

पुण्याला फोनही त्यानेच केला. "मॅडम, चूक माझी हाये, पोरीची न्हाई. आठ दिवस द्या." मॅडम नीट बोलल्या. काम सोमवारी सुरू होणार, यादीत पुढचं नाव तयार आहे, पुढच्या वेळी नक्की विचार करू. त्याने दोनदा "बरं" म्हटलं आणि फोन बंद कसा करायचा ते न सुचून रेणुकाच्या हातात दिला.

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं.

बोर्ड सातव्या दिवशी आला. रेणुकाने कॉम्प्युटर जोडला, पहिल्याच झटक्यात सुरू झाला. रविवारी ती त्यावर अर्ज पाठवते. उत्तरं येत नाहीत. बाकीचे सहा दिवस ती एका बियाणं कंपनीत पॅकिंगला जाते. आठ तास, टेबलापाशी, उभं राहून.

परवा ती आली तेव्हा हात मनगटापर्यंत गुलाबी होते. बियाण्याला लावलेल्या औषधाचा रंग. तीनदा हात धुतले तरी तो निघाला नव्हता. तिने ताटात चमचा घेतला आणि चमच्याने भाकरी तोडायला लागली. भाकरी ताटात सरकत होती.

"हातानं का न्हाई खात?" आशाबाईने विचारलं.

"रंग जाईस्तोवर हातानं खाऊ नका म्हणले."

रायभान उठला. साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, आणि मुलीचं ताट आपल्यापुढे ओढून घेतलं. भाकरी वरणात कुस्करायला लागला. तिने नको म्हटलं नाही. दुखरा पाय लांब करून बसली होती.

"अजून बारीक करा, बाबा," ती म्हणाली.