ऑप्शनला टाकलेला धडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही.

बाबा गोंदियात राइस मिलमध्ये पोती वाहायचे. आई दवनीवाड्यात दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला जायची. घराण्यात पहिली बी.ए. मी झाले, तीही मानसशास्त्र घेऊन! बाबांनी गावभर सांगितलं, "पोरगी डोक्शाची डॉक्टर झाली!" मी खोडून काढलं का? छे. फुशारकीनं हिंडले.

मग गावच्या शाळेनं मुलींशी बोलायला बोलावलं. भाषण झकास झालं. नंतर दहावीतली सुषमा हळूच म्हणाली, "ताई, मनाच्या गोळ्यांची सवय लागते का जी? मी घेऊन राहिली."

मला ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणायचं कसं? ठणकावून सांगितलं, "लागते. सोडून दे, प्राणायाम कर."

परीक्षेत आठपैकी पाच प्रश्न सोडवायचे असले, की जड धडे आपण ऑप्शनला टाकतो ना? मी मानसिक आजारांचाच धडा टाकला होता!

सुषमानं गोळ्या सोडल्या. महिन्याभरात ती जेवेना, बोलेना, शाळेतही येईना. मी घाबरले. तो धडा काढून वाचला, गोंदियाच्या डॉक्टरांना विचारलं — उदासीवरच्या त्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, आणि डॉक्टरला न विचारता त्या सोडायच्या नसतात. तशीच तिच्या घरी गेले. आणि तिथे — कसं सांगू? — तिच्या आईला म्हणाले, "मावशी, आता नवा शोध लागला आहे. गोळ्या चांगल्या असतात."

शोध कसला! माझा अभ्यास कच्चा होता, आणि तोंड मोठं.

"बरं झालं माय, तू शिकलेली आहेस म्हणून कळलं," मावशी म्हणाल्या, आणि पोहे खाऊ घातले. मी ते खाल्लेही.

त्याच आठवड्यात मावशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. उन्हाळा लागेतो पोरगी हसायला लागली — आणि हसणं तरी केवढं! सायकलवरून जाताना भर चौकात ओरडायची, "काऊन ताई, आज कोणता शोध लागला जी?" सगळे हसायचे. मीही हसायची, त्यांच्यापेक्षा जोरात. त्या हसण्याआड काय होतं, ते तिला अजून माहीत नाही.

चूक माझी होती, थापही माझीच. सुषमा दहावी झाली, बारावी झाली, नर्स झाली — तिच्या घरातली पहिली.