आईचं मोकळं कपाळ

माझे बाबा नगरजवळच्या एका गावात शाळामास्तर होते, आणि रविवारी चर्चमध्ये आम्हा मुलांचे शिक्षक. रोमन बादशहांच्या काळी विश्वासासाठी जीव दिलेल्या रक्तसाक्ष्यांच्या गोष्टी ते सांगत. सिंह, आग, तलवार हे आम्हाला हवं असायचं आणि बाबा नेमकं तेच दोन वाक्यांत उरकायचे. त्यांचं सगळं लक्ष न्यायाधीशासमोरच्या प्रसंगावर. समोर कुणी गुलाम मुलगी, कुणी तान्ह्या बाळाची आई, कुणी पार थकलेला म्हातारा. विचारणा एकच, "तू ख्रिस्ती आहेस का?" नाही म्हणायचं, बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकायचा आणि घरी जायचं. "एवढंच करायचं होतं," बाबा म्हणायचे, "आणि तेवढंच त्यांनी केलं नाही." मला वाटायचं, त्यात काय अवघड आहे? मी पण नसतं केलं.

नोकरीसाठी मी कुवेतला आले आणि तिथे समुद्राकाठच्या महबूला भागात भाड्यानं फ्लॅट घेतला. आमचं आडनाव चारचौघांसारखं, त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधल्या मराठी ताईंनी मला आपल्यातलीच धरलं. मीही धरू दिलं. पुण्यात एका घरमालकानं चर्चचं नाव ऐकून ठरलेली खोली नाकारली होती, त्याची धास्ती मनात होती म्हणा. पण ताईंनी काय केलं होतं माझं? पहिल्याच महिन्यात मी तापानं पडले, तेव्हा त्यांनी मला चार दिवस मऊभात करून घातला. इथे चर्चला जायला कुणाची आडकाठी नाही. तरी दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, उपासनेला निघताना मी त्यांना सांगायचे, ऑफिसचं काम निघालंय.

मग आई महिनाभर राहायला आली. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून ते मागे राहिले. पुढच्या खेपेला ते येणार होते. मास्तरांनी अख्खा जन्म नकाशात समुद्र दाखवला, एकदा डोळ्यांनी बघायचा होता त्यांना.

ताई आईला भेटायला पुरणपोळ्या घेऊन आल्या. आईचं मोकळं कपाळ बघून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. आमच्यात कुंकू लावत नाहीत, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

"काकू, काका जाऊन किती वर्षं झाली?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "सहा."

ताईंनी आईचा हात हातात घेतला. आई काही बोलली नाही. त्या गेल्यावर म्हणाली, "तुझा बाप आत्ता गोठ्यात असंल. लाव त्याला फोन." मी लावला. म्हशीला रेडी झाली म्हणून बाबा खुशीत होते.

त्यानंतर दर फोनला ते विचारायचे, "मग, मी कधी येऊ?" मी कधी उन्हाळ्याचं निमित्त सांगितलं, कधी व्हिजाचं, कधी कामाचं. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला लिफ्टमध्ये ताईंसमोर कसं उभं करणार होते मी? दोन-अडीच वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

गेल्या वर्षी बाबा गेले. निघताना मी ताईंना सांगितलं, आई आजारी आहे. दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी काकूंची तब्येत विचारायला त्यांचा फोन आला. मी काहीतरी पुटपुटत होते, तर आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"बाई, मला काही झालं नाही. माझे मालक परवा वारले. आम्ही ख्रिस्ती माणसं, कुंकू लावत नाही. त्या दिवशी पोरगी खोटं बोलली अन् मी गप बसले. चुकलं माझं."

एवढं बोलून तिनं फोन मला परत दिला. आता ताई काय बोलतील ते ऐकून घ्यायची मी तयारी केली. पण पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं.

"म्हणजे काका तेव्हा होते?"

"हो."

"अगं, मग त्यांना इकडं आणलं का नाहीस?"