मालकांचा डावा गुडघा

बटणांच्या त्या कारखान्यात टपालबाई एकवीस वर्षं खिडकीपाशी बसत होत्या. टेबल साधंच, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं. पण उजेड सगळ्यात चांगला तिथेच यायचा, आणि बाहेर तण माजलेला मातीचा एक पट्टा दिसायचा. समुद्रापलीकडचा एक कोटांचा व्यापारी कारखान्याची निम्मी बटणं उचलायचा. त्याची भाषा सबंध इमारतीत एकट्या बाईंना येत होती. तीही बेताचीच.

मालक सांगायचे, बाई लिहायच्या. मालकांचं सांगणं दीड ओळीचं: "माल तयार. कधी उचलता?" प्रत्येक शब्दाला तिकीट लावावं लागत असल्यासारखे ते शब्द जपून वापरत. बटणांच्या नमुन्यांच्या कार्डासोबत हाताने लिहिलेलं पत्र जायचं, आणि दीड ओळीखाली पांढराशुभ्र कागद उरायचा. तो उरलेला कागद बाईंच्या जिवाला लागायचा. दारात आलेल्याला 'बसा'सुद्धा न म्हणता वाटेला लावल्यासारखं ते दिसे.

म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी मालकांच्या नावाने एक ओळ वाढवली: आमच्याकडे गुलाब फुलले आहेत. व्यापाऱ्याने उलट टपाली गुलाबांची चौकशी केली. मग काय, गुलाब वाढत गेले. त्यांना पाणी घालताना मालकांचा डावा गुडघा दुखावला. गुडघा शेकत बसल्या बसल्या ते बासरी शिकले. बासरी ऐकायला एक कासव येऊ लागलं आणि आलं ते राहिलंच.

आलेली पत्रंही बाई दीड ओळच वाचून दाखवायच्या. बाकीचं घरी जायचं.

"आज मालकांनी काय केलं गं?" थोरली बहीण भाजी निवडता निवडता विचारायची.

"जरा खोकला झालाय त्यांना."

"बरं केलंस. फार उड्या मारत होते."

मग मालकांच्या सूनबाईंनी संगणकावर भाषांतराची सोय आणली. आपल्या भाषेत लिहा, कळ दाबा, पलीकडे त्यांच्या भाषेत हजर. त्यांचं आलं की इकडे आपल्या भाषेत. यंत्र अगदी चोख होतं. एक अक्षर गाळत नव्हतं, आणि तेच बाईंच्या मुळावर आलं.

"बाई," तिसऱ्याच दिवशी मालकांनी हाक मारली, "माझ्या कासवाची तब्येत कशी आहे, असं हा विचारतोय."

टपालबाईंनी चष्मा काढून पुसला. "बरी आहे की, मालक."

सूनबाई तोंडावर हात ठेवून भिंतीकडे बघू लागल्या.

"आणि बासरी? मी? मला साधी शीळ वाजवता येत नाही!"

"तुमचं पत्र दीड ओळीचं. कागद उरायचा. उरलेल्या कागदाचं मी काय करायचं होतं?"

"कोरा सोडायचा!"

"बरं दिसतं का ते?"

दुसऱ्या दिवसापासून बाई गोदामात. दोन भोकांची बटणं एका पेटीत, चार भोकांची दुसऱ्या पेटीत. पगार तोच राहिला. पण बाईंचं म्हणून जे काही होतं ते त्या खिडकीपाशीच होतं. मालकांनी स्वतः यंत्रापुढे बसून पत्र ठोकलं: बासरी नाही, गुलाब नाहीत, कासव नाही. गुडघे दोन्ही ठणठणीत. माल कधी उचलता?

"म्हणजे एका फटक्यात सगळं गेलं?" बहिणीने विचारलं. "कासवपण?"

"कासवपण."

त्या दिवशी बहिणीला जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी सूनबाई गोदामात आल्या. हातात छापलेला कागद. "ऐका बाई, त्यांचं उत्तर." आणि त्या वाचू लागल्या: 'हे लिहिणारा माझा मित्र नव्हे. त्याच्या नावाने कोणीतरी यंत्राआडून लिहीत आहे. अशा फसवणुकी हल्ली फार होतात. थंडीच्या कोटांच्या बटणांची मागणी मी थांबवत आहे. तू खरोखर तोच असशील तर सांग: कासवाचं नाव काय, आणि ते कुठे झोपतं?'

बाईंनी हातातलं बटण उजेडात धरून त्याची भोकं मोजली.

"सांगा ना, बाई. ही मागणी गेली तर निम्मा कारखाना बसेल. मामंजी दोन दिवस अंदाज करताहेत. 'मोती' लिहून पाठवत होते, मी हात धरला."

"मोती? कासवाला?" बाईंना मनापासून वाईट वाटलं. "ज्यांचं कासव आहे ना, त्यांनाच येऊ दे विचारायला."

मालक आले. पेट्यांमधून वाट काढत, कोणी बघत नाहीसं बघून.

"नाव काय त्याचं?"

"कुणाचं, मालक?"

"त्याचं हो. त्या... ह्याचं."

"दोन भोकांच्याचं की चार भोकांच्याचं?"

"कासवाचं, बाई! माझ्या कासवाचं!"

'माझ्या' हा शब्द बाईंनी नीट कानात ठेवून घेतला. मग म्हणाल्या, "लगबग. आणि झोपतं तुमच्या जुन्या बुटात. टेबल कधी हलवायचं?"

टेबल त्याच दिवशी खिडकीपाशी गेलं. पुठ्ठ्याची घडी मालकांनी स्वतः घातली. 'लगबग आणि बूट' एवढं उत्तर पोचलं आणि मागणी दुपटीने परत आली. पत्रं आता बाई आपल्याच भाषेत लिहितात, सूनबाई कळ दाबतात. इतकी वर्षं परक्या भाषेतले येतील तेवढेच शब्द मालकांच्या वाट्याला येत होते. आता बाईंची सगळी भाषा मोकळी सुटली आहे.

"हे काय? मी पोहायला शिकतोय?" मसुदा वाचून मालक ओरडतात.

"हो."

"या वयात?"

"कौतुक त्याचंच तर आहे, मालक."

येत्या उन्हाळ्यात व्यापारी स्वतः भेटीला येतो आहे. खिडकीबाहेरच्या पट्ट्यातलं तण निघालं, गुलाबाची सात रोपं लागली. बाजारातून बासरी आली. ती आणल्यापासून सूनबाई कानात कापूस घालून बसतात. कासवाचा शोध चालू आहे. रोज सकाळी मालक झारी घेऊन, पुटपुटत, लंगडण्याचा सराव करत रोपांना पाणी घालतात. आजही निघाले, आणि खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

"डावा, मालक!" टपालबाईंनी आतून ओरडून सांगितलं. "डावा!"

मालकांनी झारी खाली ठेवली, पाय बदलला, आणि पुन्हा पहिल्या रोपापासून सुरुवात केली.